कापा की बरका?

14 ऑक्टोबर 2025 या दिवशी विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि घराघरांतले धडधाकट संगणक एका रात्रीत पेन्शनीत निघाले. त्यांना झालं काहीच नव्हतं. पंखा फिरत होता, पडदा उजळत होता, कळफलकावरची दोन-चार अक्षरं पुसली गेली होती, एवढंच. पण विंडोज 11 दारातच उभं राहून विचारत होतं, टीपीएम 2.0 नावाची चिप आहे का? प्रोसेसर कुठल्या पिढीचा? इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचे आत, मागचे जवळजवळ सगळे बाहेर. पिढ्या मोजून उंबरा ओलांडू द्यायचा हा कडकपणा सोयरीक जमवणाऱ्या मामांनाही कधी जमला नाही. अशा वेळी घरातलं कोणीतरी, बहुधा भाचा, म्हणतो, ‘लिनक्स टाका की, फुकट असतं.’ इथवर सगळं सोपं. पुढचा प्रश्न घात करतो: ‘कुठलं?’ कारण नुसतं लिनक्स असं कुठे मिळतच नाही. मिळतात ते डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा, ओपनसुसे, आर्च, मांजारो, स्लॅकवेअर, जेंटू आणि अशीच आणखी शेकडो नावं, ज्यांतली निम्मी आइस्क्रीमच्या पाटीवर सहज खपून जातील. माणूस वही काढतो, रकाने आखतो, गुण देतो, वजा करतो. आणि जो संगणक बँकेचं खातं बघायला आणि नातीच्या प्रकल्पाचे कागद छापायला हवा होता, तो तीन आठवडे टेबलावर बंद पडून राहतो. माझं म्हणणं असं, की हे तीन आठवडे फुकट जातात. त्या रकान्यांत जे लिहिलेलं असतं त्यातलं फार थोडं घरच्या संगणकाला लागू पडतं, आणि जे लागू पडतं त्याचा रकानाच कोणी आखत नाही.

आधी शब्दाचंच बघू. ‘डिस्ट्रिब्यूशन’चं रीतसर मराठी ‘वितरण’ होतं, आणि वितरण म्हटलं की मराठी माणसाला विजेचं बिल आठवतं. म्हणून जाणकार ‘डिस्ट्रो’ म्हणतात, आपणही म्हणू. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने 1991 मध्ये जे लिहिलं ती काही अख्खी प्रणाली नव्हती, ते होतं कर्नल. फौजेतला नव्हे. यंत्र आणि कार्यक्रम यांच्या मध्ये बसून कोणाला किती मेमरी, कोणाला किती वेळ हे ठरवणारा गाभा. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, आठळी. आठळी उकडून खाता येते, पण तिला कोणी फणस म्हणत नाही. तिच्याभोवती गरे लागतात: खिडक्या मांडणारा डेस्कटॉप, फायली हलवणारी बारीकसारीक साधनं (यातली बरीचशी रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली), ब्राउझर, ऑफिस, आणि हे सगळं आणून बसवणारा, वेळोवेळी बदलून देणारा पॅकेज मॅनेजर. एवढा ऐवज एका सालीत भरून जो तुमच्या दारात आणून ठेवतो, त्याचा तो डिस्ट्रो.

मग असे फणस शेकड्यांनी का? तर वाटणीमुळे. कोकणात एका फणसाच्या झाडाला आठ वारस असतात आणि मोसमातलं पहिलं फळ कोणाचं यावरून आठही वारस एकमेकांशी बोलायचे थांबतात. लिनक्सचा सातबारा मात्र वेगळा आहे. 1992 मध्ये टोरवाल्ड्स यांनी कर्नल जीपीएल परवान्याखाली आणलं, आणि त्या परवान्याचा व्यवहारातला अर्थ असा की कोणाही वारसाला अख्खं झाड मुळासकट उचलून आपल्या परसात लावता येतं, आणि तरीही मूळ झाड जागच्या जागी तसंच उभं राहतं. वाटणीत प्रत्येकाला पूर्ण! अट एकच: तुम्ही फळ वाटलंत, तर घेणाऱ्याने मागितल्यावर कलमही द्यायचं. आपल्याकडे अशी सोय असती तर एकत्र कुटुंब ही संस्था एक पावसाळा तरी टिकली असती का? आपले पूर्वज एकत्र राहिले ते प्रेमापोटी कमी आणि विहीर एकच होती म्हणून जास्त. विहिरीची प्रत काढता आली असती, तर प्रत्येक भावाने आपापली विहीर काखोटीला मारून बिऱ्हाड हलवलं असतं. लिनक्सच्या जगात नेमकं हेच झालं. तिथली विपुलता बघून लोक म्हणतात, केवढी ही विविधता! मला ती भाऊबंदकी दिसते. फरक इतकाच, की कोर्टाचा खर्च नाही.

आणि वेगळं होण्याची कारणं तरी कसली! डेबियन हा त्यातला एक जुना वाडा. इयन मर्डॉक या तरुणाने ऑगस्ट 1993 मध्ये त्याची घोषणा केली आणि मैत्रीण डेब्रा नि आपण स्वतः इयन अशी दोन नावं जोडून वाड्याला नाव दिलं. रिक्षाच्या मागच्या काचेवर ‘डेब्रा-इयन’ लिहिण्याचीच ती परंपरा. या वाड्यातून 2004 मध्ये उबंटू निघालं. काढणारे मार्क शटलवर्थ हे दक्षिण आफ्रिकी उद्योजक दोनच वर्षांपूर्वी स्वखर्चाने अंतराळात जाऊन आले होते, त्यामुळे पृथ्वीवरची भांडणं त्यांना लहान वाटत असावीत. उबंटूतून 2006 मध्ये मिंट निघालं. पुढे मिंटवाल्यांच्या मनात आलं, उद्या उबंटूच नाहीसं झालं तर? म्हणून त्यांनी उबंटूला वगळून थेट डेबियनवर उभी असलेली एक आवृत्ती बाजूला तयार ठेवली. बापाचं छप्पर गेलं तर आजोबांच्या ओटीवर जाता यावं. 2014 मध्ये डेबियनमध्ये जुंपली ती यावरून, की संगणक सुरू होताना बाकीच्या सेवांना झोपेतून उठवायचं कोणी: नव्या सिस्टमडीने की जुन्या पद्धतीने. ज्या अर्ध्या मिनिटात घरचा माणूस चष्मा शोधत असतो, त्या अर्ध्या मिनिटावरून वाडा फुटला आणि डेव्हुअन नावाचं नवं बिऱ्हाड झालं. उबंटूने एप्रिल 2010 मध्ये खिडकी बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडे नेली, तेव्हा असा गदारोळ झाला की शेवटी शटलवर्थना सांगावं लागलं, इथे लोकशाही नाही. साडेसात वर्षांनी, ऑक्टोबर 2017 च्या आवृत्तीत, बटणं गुपचूप उजवीकडे परत आली. 2011 मध्ये जीनोम या डेस्कटॉपने नवं रूप घेतलं, तर ‘जुनंच बरं होतं’ म्हणत अर्जेंटिनातल्या एकाने जुनं रूपच उचलून पुढे चालवलं आणि तिकडच्या चहासारख्या पेयावरून त्याचं नाव ‘माते’ ठेवलं. तिकडे तो चहा. आपल्याला मात्र ते नाव घेताना हात आपोआप जोडावेसे वाटतात. हॅना मॉन्टाना या अमेरिकी बालमालिकेच्या नावाचाही डिस्ट्रो 2009 मध्ये खरोखर निघाला. उत्तर कोरियाचा सरकारी डिस्ट्रो आहे, रेड स्टार. निवडीचं स्वातंत्र्य तिथेही पोचलं, फक्त निवडायला एकच ठेवलं.

आता सालीचे काटे मोजायचं सोडून आत बघा. घरचा माणूस संगणकावर करतो काय? ब्राउझर उघडतो. तो फायरफॉक्स किंवा क्रोम, आणि सगळ्या फणसांत तोच. पत्र लिहितो, घरखर्च मांडतो. ते लिबरऑफिस, आणि तेही तेच. कागद छापतो, त्यामागची कप्स नावाची यंत्रणा जवळपास सर्वत्र तीच, आणि प्रिंटर रुसण्याची वेळही तीच. मराठी माणसाची खास परीक्षा म्हणजे ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ हे शब्द. त्यातला पापणीसारखा र नीट उमटला की आपला जीव भांड्यात पडतो. ही अक्षरजुळणी बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचा एकच कारागीर करतो, आणि रेड हॅटचा लोहित किंवा गूगलचा नोटो हे फाँट कुठेही बसवता येतात. म्हणजे वऱ्हाड एका ठिकाणाहून निघालं की सगळीकडून निघतं. इनस्क्रिप्टचा कळफलक तर सगळ्यांकडे आहेच. रकाने आखणारा माणूस या सारखेपणाकडे बघतच नाही, कारण सारखेपणाला गुण देता येत नाहीत. तो बघतो क्रमवारी. डिस्ट्रोवॉच या स्थळावर 2001 पासून अशी एक यादी चालते आणि लोक ती पंचांगासारखी वाचतात. पण ती क्रमवारी म्हणजे कुठल्या डिस्ट्रोच्या पानावर रोज किती जणांनी टिचकी मारली याचा हिशेब. वापरणारे किती याचा तो नव्हे, आणि हे डिस्ट्रोवॉचवाले स्वतःच सांगतात. लग्नाच्या हॉलमध्ये किती जण डोकावून गेले यावरून जेवण कसं होतं हे ठरवण्यातला हा प्रकार.

सगळं एकच आहे असं मात्र मी म्हणत नाही. एक फरक खरा आहे, आणि तो पिकण्यातला आहे. कापा फणसाचे गरे घट्ट. हातात धरता येतात, ताटात मांडता येतात, पाहुण्यासमोर अब्रू जात नाही. बरका रसाळ आणि भलता गोड, पण गिळगिळीत. सवय असेल त्याच्या घशाखाली सुळकन उतरतो, नसेल त्याला ठसका. डेबियनची स्थिर आवृत्ती हा कापा. साधारण दोन वर्षांनी एकदा उतरते आणि मग पाच वर्षं तिच्यातल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं लावून मिळतात. बाकी काही बदलत नाही. त्यांच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची नावं असतात. बारावी बुकवर्म, ऑगस्ट 2025 मधली तेरावी ट्रिक्सी. आणि जी आवृत्ती कायम उकळत असते, जिच्यात रोज काहीतरी मोडू शकतं, तिचं नाव कायमचं सिड: त्या चित्रपटातला शेजारचा खेळणी मोडणारा मुलगा. इतकं प्रांजळ नामकरण आपल्याकडे फक्त गावातल्या टोपणनावांत सापडतं. उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तीही पाच वर्षं पुरते. फेडोरा सहा महिन्यांनी नवं येतं आणि एकेका आवृत्तीला साधारण तेरा महिने सांभाळतं, म्हणजे भाड्याच्या घराच्या करारापेक्षा दोन महिने जास्त. पण सामान हलवायची तयारी ठेवावी लागतेच. 2002 मध्ये सुरू झालेलं आर्च हा अस्सल बरका. त्याला आवृत्तीच नाही, रोज थोडं थोडं पिकत राहतं. ते वापरणारे लोक हुशार आणि कष्टाळू असतात. फक्त साखर सोडलेल्या माणसाप्रमाणे त्यांना ते चारचौघांत सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि जेंटूवाले तर गरेसुद्धा विकत घेत नाहीत. बहुतेक कार्यक्रम मूळ स्रोतापासून स्वतःच्या यंत्रावर बांधून घेतात. घरी गहू आणायचा, निवडायचा, दळायचा, आणि मग पोळी. पोळी उत्तम होते. फक्त जेवायला रात्रीचे अकरा वाजतात.

तेव्हा घरच्या संगणकापुरता निम्मा निर्णय एका वाक्यात होतो: कापा घ्या. उरलेला निम्मा कुठल्या रकान्यात सापडत नाही तो हा, की रात्री साडेनऊला आवाज बंद पडला तर फोन कोणाला करणार? घरी डिस्ट्रो निवडायचा नसतो, भाचा निवडायचा असतो. भाच्याला जो तोंडपाठ, तो आपला डिस्ट्रो. याला मी गंमत म्हणून नाही, पुरावा म्हणून एक उदाहरण देतो. नवा कार्यक्रम बसवायचा तर डेबियन, उबंटू आणि मिंट यांच्यात ‘एपीटी’ म्हणावं लागतं, फेडोरात ‘डीएनएफ’, आर्चमध्ये ‘पॅकमन’. भाषा एकच, बोली वेगळ्या. आता भाचा फोनवर सांगतोय, ‘काका, लिहा सुडो, जागा सोडा, एपीटी, जागा सोडा...’ आणि काकांच्या यंत्राला एपीटी हा शब्दच ठाऊक नाही. मालवणीत हाक मारावी आणि समोरच्याला फक्त वऱ्हाडी कळावी, तशी गत. काका म्हणतात, ‘कमांड नॉट फाउंड असं येतंय रे.’ भाचा म्हणतो, ‘जागा सोडलीत का?’ काकांनी जागा सोडलेली असते. पुढची पाच मिनिटं ते आणखी जागा सोडत राहतात. डेस्कटॉपचा रंग, बटणांची बाजू, चिन्हांची पट्टी खाली की डावीकडे हे सगळे रकाने त्या पाच मिनिटांपुढे फिके आहेत. ज्याच्या आठळीवर हा सगळा संसार उभा आहे त्या टोरवाल्ड्स यांनाही डिस्ट्रोचं फार कौतुक नाही. आपण फेडोरा वापरतो असं त्यांनी सांगितलेलं आहे आणि त्यामागचा विचार अगदी गृहस्थाश्रमी आहे: चटकन बसावा, अद्ययावत राहावा आणि मला माझं कर्नलचं काम करू द्यावं. ज्याने झाड लावलं तो काटे मोजत बसत नाही आणि आपण मात्र वही घेऊन खाली बसलो आहोत!

यावर पहिला आक्षेप माहीतगारांकडून येतो: अहो, फरक दिसत नाही तो तुम्हाला, वाय-फाय चाललं नाही की दिसेल. हा आक्षेप खरा होता. वाय-फायच्या अनेक चिपांना उत्पादकाचं बंद फर्मवेअर लागतं, आणि डेबियनचं तत्त्व असं की मुक्त नाही ते अधिकृत तबकडीत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं प्रसंग असा घडायचा: बसवणी मध्येच थांबून सांगायची की वाय-फायसाठी अमुक फाइल हवी, ती फाइल इंटरनेटवर मिळायची, आणि इंटरनेटसाठी वाय-फाय हवं असायचं. तत्त्वाचा माणूस घरात असला की बाकीच्यांचं जे होतं, ते झालं. पण 2022 मध्ये त्यांनी रीतसर मतदान घेतलं आणि 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर अधिकृत बसवणीतच आलं. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर अजूनही थोडी खटपट असते, आणि तिथे उबंटू-मिंटची चालक (म्हणजे ड्रायव्हर) बसवायची सोय खरोखर उपयोगी पडते. हा एक गुण मी मुकाट्याने देतो. बाकी बहुतेक चालक असतात ते आठळीत, आणि आठळी तीच; प्रिंटरचं काम कप्सकडे, आणि तीही तीच. एका फणसात तुमचा प्रिंटर चालला तर बहुधा दुसऱ्यातही चालेल. एकात नाही चालला, तर दुसऱ्याची साल कितीही सुंदर असो, त्यातही चालण्याचा संभव कमीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाचा चांगला, पण घरच बंद झालं तर? अशी घरं बंद झाली आहेत. फ्रान्समधल्या मॅन्ड्रेक लिनक्सचं उदाहरण घ्या. 1998 मध्ये निघालेला, घरगुती माणसाला सोपा पडावा म्हणून खास बेतलेला डिस्ट्रो. पण इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना लगेच कळेल की हे नाव आधीच एका जादूगाराचं होतं, आणि त्या जादूगाराचे मालक कोर्टात गेले. हातचलाखी उपयोगी पडली नाही. नाव सोडून 2005 मध्ये मॅन्ड्रिवा व्हावं लागलं. पुढे त्याचीही रया गेली आणि जुन्या लोकांनी 2010 मध्ये मॅजिया काढलं. नावातून जादू काही जाईना. सेंटओएसची गोष्ट याहून ठसठशीत. त्याच्या आठव्या आवृत्तीला 2029 पर्यंत सांभाळू असं ठरलेलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये मालकांनी जाहीर केलं, 2021 च्या अखेरीस बंद. कार्यालयांचे सर्व्हर त्यावर चालत होते, त्यामुळे रडारड पुष्कळ झाली. पण पुढे काय झालं तेही बघा: अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशी दोन नवी झाडं त्याच कलमांतून उभी राहिली. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो. या जगात घर बंद होतं तेव्हा माणसं झाड घेऊन शेजारी जातात. प्रश्न पुन्हा शेजाराचाच: मदतीला जवळ कोण आहे? तरीसुद्धा, ज्या डिस्ट्रोमागे एकच उत्साही तरुण आहे आणि त्याचं पुढच्या महिन्यात लग्न आहे, असा डिस्ट्रो काकांच्या संगणकावर टाकू नये.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत आवडतो, कारण तो माझाच फणस माझ्याच डोक्यावर फोडतो. शेजारावरच निवड करायची, तर आळीतल्या सगळ्यांकडे विंडोज आहे. मग विंडोजच का नको? महाराष्ट्रात तर एक पिढी संगणक शिकली तीच एमएस-सीआयटीच्या वर्गात. त्यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण कितीजण ते मायक्रोसॉफ्ट समजतात कोण जाणे. उत्तर असं, की खरोखरच विंडोज नीट चालत असेल आणि घरातली माणसं सुखी असतील तर राहू द्या. मी काही धर्मांतराला निघालेलो नाही. दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर ते विंडोजसाठीच बनलेलं आहे, तिथे लिनक्स टाकून व्यापाऱ्याचा शाप घेऊ नये. आपला प्रश्न त्या यंत्रांचा आहे ज्यांना नव्या विंडोजने उंबऱ्यावर अडवलं. आणि ‘सगळ्यांकडे आहे’ म्हणजे ‘सगळ्यांना येतं’ असंही नाही. आळीतल्या विंडोजची देखभाल बहुधा एकच इसम पेन ड्राइव्ह खिशात घालून करत असतो, आणि त्या पेन ड्राइव्हमधलं विंडोज कुठून आलं हे त्याला विचारायचं नसतं, असा सभ्य संकेत आहे. लिनक्समध्ये निदान हा संकोच नाही. प्रत काढणं हीच तिथली रीत.

‘पण आमचा भाचा आर्च वापरतो’ असंही कोणी म्हणेल. घाबरू नका. ज्याला आर्च येतं त्याला मिंट डाव्या हाताने येतं. उलट मात्र नाही. त्याला स्पष्ट सांगायचं, तुला आवडतो तो नको, तुला जर्मनीतून फोनवर दुरुस्त करता येईल तो टाक. कारण भाचे जर्मनीला जातात. वेळेचा फरक साडेतीन-साडेचार तासांचा, त्यात आपला आवाज साडेनऊलाच बंद पडतो. दर शनिवारी नवा डिस्ट्रो बसवणारा भाचा असेल तर मात्र जरा जपून. हे व्यसन जगभर आहे; त्याला डिस्ट्रो-हॉपिंग म्हणतात. अशा भाच्याकडे आपला संगणक दिला की तो प्रत्येक भेटीत वेगळा दिसतो आणि आजी विचारते, ‘आमचा कुठे ठेवलास?’

आणि भाचाच नसेल तर? निपुत्रिकांनाही संगणक हवा असतोच. अशा वेळी गर्दी हाच भाचा मानावा. अडचण कुठलीही असो, तिचं उत्तर उबंटूच्या संदर्भात कोणीतरी लिहून ठेवलेलं असण्याचा संभव सर्वांत मोठा, आणि मिंट त्याच कुळातलं असल्यामुळे ते उत्तर बहुतेक वेळा तिथेही लागू पडतं. म्हणून विंडोजवरून येणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून मिंट सांगेन. त्याचा मुख्य डेस्कटॉप सिनॅमन. म्हणजे पुदिन्यात दालचिनी. कुठल्याही पाकशास्त्रात न बसणारा मेळ, पण खाली डावीकडे यादी, उजवीकडे घड्याळ, बटणं जागच्या जागी. आठ-दहा वर्षांच्या थकलेल्या यंत्राला एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचं मिंट द्यावं. ते खातं कमी. सीडॅकने डेबियनवर उभा केलेला, भारतीय भाषांचा विचार करून बेतलेला बॉस नावाचा डिस्ट्रोही आहे. त्याच्यावर राग काही नाही, पण ‘बॉस बंद पडला’ असं घरात ओरडल्यावर मदतीला धावणारे कमी आणि पेढे वाटणारे जास्त निघतील.

राहता राहिली परीक्षा, आणि तिला रकाने लागत नाहीत. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मिंटची प्रतिमा त्यावर उतरवा आणि संगणक त्यावरूनच सुरू करा. काही न बसवता, डिस्कला हात न लावता अख्खी प्रणाली तशीच चालते; साल न फोडता वासावरून फणस ओळखावा, तसं. चार गोष्टी बघा: वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, आणि ‘वऱ्हाड’ नीट उमटतं का. चारही झाल्या तर त्याच संध्याकाळी बसवून टाका. मात्र त्याआधी एक काम. फणस फोडणारा सुरीला आणि हातांना भरपूर खोबरेल चोळून घेतो, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही. इथे त्या तेलाला बॅकअप म्हणतात. बसवणी करताना ‘डिस्क पुसू का?’ असा प्रश्न येतो, आणि माणूस वाचण्याआधी ‘हो’ दाबतो. तेव्हा लग्नाचे फोटो, घराच्या करारनाम्याची प्रत आणि आजोबांच्या आवाजातलं ते अर्धवट रेकॉर्डिंग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवा, आणि मग सुरी हातात घ्या.